चेहऱ्याची मालकी : एका हक्काची जडणघडण

माणसाचा चेहरा, नाव किंवा आवाज यांवर कोणाचा अधिकार चालतो, हा प्रश्न कायद्यापुढे ठळकपणे आला तो छायाचित्रण आणि स्वस्त छपाई यांचा प्रसार झाल्यानंतरच. त्यापूर्वी बदनामीचा कायदा नावलौकिकाचे आणि कॉपीराइटचा कायदा चित्रकाराच्या कलाकृतीचे रक्षण करीत असे. चित्रात दिसणाऱ्या व्यक्तीचा मात्र त्या चित्रावर स्वतंत्र हक्क मानला जात नसे. ही उणीव भरून काढणारा विचार अमेरिकेत १८९० साली सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांच्या लेखातून पुढे आला. प्रत्येकाला आपल्या खासगी आयुष्यात इतरांच्या हस्तक्षेपाविना राहता आले पाहिजे, असे मांडून त्यांनी खासगीपणाच्या हक्काचा पाया घातला.

या विचाराची एक महत्त्वाची कसोटी १९०२ साली लागली. पिठाच्या जाहिरातीवर एका तरुणीचे चित्र तिच्या संमतीविना छापून त्याच्या सुमारे २५,००० प्रती वाटल्या गेल्या होत्या. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने असा हक्क प्रचलित कायद्यात नाही म्हणून तिचा दावा चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. परंतु या निर्णयावर इतकी टीका झाली की, पुढच्याच वर्षी त्या राज्याने लेखी संमतीविना कोणाचेही नाव वा चित्र व्यापारासाठी वापरण्यास मनाई करणारा कायदा केला. या टप्प्यावर कायद्याला दिसणारी हानी मानसिक होती आणि तिची दाद मागणारी व्यक्ती प्रसिद्ध असण्याची गरज नव्हती.

प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद लंगडा पडू लागला, कारण जो खेळाडू वा नट स्वतःच मोबदला घेऊन जाहिरातीत झळकतो, त्याचा खासगीपणा दुसऱ्या जाहिरातीने भंगला असे म्हणणे अवघड होते. १९५३ साली बेसबॉल खेळाडूंच्या छायाचित्रांवरून च्युइंगम बनवणाऱ्या दोन कंपन्यांत झालेल्या वादाने ही अडचण उघड केली. एका कंपनीने खेळाडूंशी अनन्य करार केला होता आणि दुसरी तीच छायाचित्रे वापरू पाहत होती. खासगीपणाचा हक्क केवळ वैयक्तिक असल्याने करार करणाऱ्या कंपनीला त्याचा आधार मिळत नव्हता. न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी म्हणून ‘प्रसिद्धीचा हक्क’ वेगळा मानला. आपल्या प्रतिमेच्या व्यापारी मूल्यावरील हा अधिकार करारान्वये दुसऱ्याला देता येतो. दुखावलेल्या मनाच्या जागी आता बुडालेला मोबदला आला आणि हक्क मालमत्तेच्या जवळ सरकला.

मालमत्ता म्हटली की वारसा आलाच. ड्रॅक्युलाची भूमिका गाजवणाऱ्या बेला लुगोसीच्या वारसांनी त्याच्या प्रतिमेच्या वस्तूंवर हक्क सांगितला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली तो अमान्य केला. मात्र पुढे विधिमंडळाने मृत्यूनंतर ५० वर्षे आणि नंतर ७० वर्षे हा हक्क टिकेल अशी तरतूद केली.

भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. हक्काची बांधणी न्यायालयांनीच केली आहे. आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली संमतीविना नाव वा प्रतिमा वापरणे हा खासगीपणाचाच भंग ठरवला. दलेर मेहंदींच्या बाहुल्यांविषयीच्या २०१० च्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने गायकाच्या बाजूने निकाल देतानाच विडंबन आणि व्यंगचित्र यांची मोकळीक राखण्याचा इशाराही दिला. जन्माने मराठी असलेल्या रजनीकांत, म्हणजे शिवाजीराव गायकवाड, यांच्या २०१५ च्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की, व्यक्ती ओळखू येत असेल तर लोकांची फसगत झाल्याचा पुरावा आवश्यक नाही.

या निर्णयांत एक विसंगती दडलेली आहे: हक्काचे मूळ व्यक्तीच्या प्रतिष्ठेत सांगितले जाते, पण त्याचे मोजमाप बाजारमूल्यात होते. मृत्यूच्या प्रश्नावर ती उघडी पडते. दिवंगत अभिनेते सुशांत सिंह राजपूत यांच्यावरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली अंतरिम टप्प्यावर हा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो असे मत दिले, जे खासगीपणाच्या तत्त्वाशी सुसंगत आहे, मालमत्तेच्या नव्हे. दिवंगतांचा मान वारसांच्या मिळकतीवाचूनही राखता येतो, हे १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यावरून दिसते; त्यात छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांच्या नावांच्या व्यापारी वापरावर सार्वजनिक हितासाठी निर्बंध आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ही विसंगती अधिक तातडीची केली आहे. गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची नक्कल तयार करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अंतरिम मनाई दिली. अशा नकलेत मोबदला बुडतो आणि न उच्चारलेले शब्दही माणसाच्या तोंडी घातले जातात. या दुसऱ्या हानीला प्रसिद्धीची अट लावता येत नाही. म्हणून भावी कायद्याने दोन हक्क स्पष्टपणे वेगळे करणे इष्ट ठरेल: प्रतिष्ठेचा हक्क, जो सर्वांना समान आणि विकता न येणारा असेल, आणि व्यापारी वापराचा हक्क, जो करारान्वये देता येईल, पण मुदतीने आणि टीका, विडंबन, वृत्तांकन यांच्या स्वातंत्र्याने मर्यादित राहील. हा भेद झाला नाही, तर नामवंतांची कमाई सुरक्षित होत जाईल आणि आवाज चोरीला गेलेल्या सामान्य माणसाला मात्र न्यायालयात आधी आपली बाजारातील किंमत सिद्ध करावी लागेल.