शेजाऱ्याचे ऊन

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिने आम्ही उभयता मुलाकडे दक्षिण इंग्लंडमध्ये राहून आलो. त्या मुक्कामात त्याने परसात एक खोली बांधायचे ठरविले. पाहुण्यांची सोय किंवा अडगळ ठेवणे हा तिचा हेतू नव्हता. घरबसल्या गोल्फ खेळता यावे म्हणून ती बांधावयाची होती. हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले, हे येथे कबूल केले पाहिजे. आमची हयात बडोद्यात गेली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फचे मैदान येता-जाता पाहिलेले, एवढाच आमचा त्या खेळाशी संबंध. ज्या खेळाला कोसभर हिरवळ लागते, तो चार भिंतींत कसा मावणार?

तो मावतो, हे मुलाने समजावून सांगितले. खोलीच्या एका टोकाला जाड विणीच्या कापडाचा पडदा ताणतात. छताला लावलेल्या प्रोजेक्टरमधून त्या पडद्यावर मैदानाचे चित्र पडते. खेळणारा खराखुरा चेंडू खऱ्याखुऱ्या काठीने त्या चित्रावर मारतो. बाजूला ठेवलेले यंत्र चेंडूचा वेग, उडण्याचा कोन आणि त्याला मिळालेली फिरकी क्षणार्धात टिपते आणि चेंडू मोकळ्या मैदानावर कोठे जाऊन पडला असता, हे गणिताने काढून दाखविते. चेंडू पडद्यावर आपटून पायाशी येतो. त्याची प्रतिमा मात्र दोनशे मीटर उडत जाते. या उपकरणसंचाला सिम्युलेटर म्हणतात.

नकलेच्या खेळात कसला पुरुषार्थ, असा प्रश्न आमच्या मनात आला आणि तो आम्हीच मागे घेतला. बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब आपण अभिमानाने मिरवतो, तो मूळचा काय आहे? समोर मल्ल नसताना मल्लाच्या जागी उभा केलेला लाकडी खांबच ना? सरावासाठी नक्कल करणे यात कमीपणा नाही. शिवाय मुलाचे कारणही रास्त होते. मैदानावर जाऊन अठरा खळगे खेळून यायचे तर सुट्टीचा अर्धा दिवस जातो आणि घरात दोन लहान मुले आहेत. खोली परसात असली, तर बाप हाकेच्या अंतरावर राहतो.

खरा प्रश्न पुढेच उभा राहिला, आणि तो खेळाचा नसून भिंतीचा होता.

काठी डोक्यावरून फिरवायची म्हणजे खोलीला आतून निदान नऊ फूट उंची हवी. चेंडू, पडदा आणि मागे-पुढे मोकळी जागा धरून लांबी पाच-सहा मीटर हवी. इंग्लंडमध्ये घराच्या आवारात अशी जोडखोली बांधताना सर्वसाधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. मात्र काही मर्यादा पाळाव्या लागतात. हद्दीपासून दोन मीटरच्या आत बांधल्यास उंची अडीच मीटरपेक्षा जास्त चालत नाही. दोन मीटरपलीकडे गेल्यास एकपाखी उतरत्या छपराची खोली तीन मीटर उंच करता येते. मुलाने उत्तरेकडील कुंपणापासून बरोबर दोन मीटर अंतर सोडून तीन मीटर उंचीचा नकाशा तयार करून घेतला. वीज आणण्यास ती जागा सोयीची होती, आणि स्वतःच्या अंगणातले ऊनही तेथे अडत नव्हते. नियमाच्या दृष्टीने नकाशा निर्दोष होता.

त्या कमरेएवढ्या कुंपणापलीकडे एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्यांच्या अंगणात, कुंपणापासून सात मीटरांवर एक बाक आहे. ऊन पडले की त्या दुपारी तेथे येऊन बसत. तिकडचे हिवाळी ऊन म्हणजे काय, हे बडोद्यात राहून कळत नाही. आपण उन्हापासून पळतो. तेथे माणसे उन्हाची वाट पाहतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एके दुपारी सहज म्हणून आम्ही परसात एक मीटरची काठी रोवली. तिची सावली तीन मीटरांहून बरीच लांब भरली. मग कागद घेऊन हिशेब मांडला. दक्षिण इंग्लंडमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजावर जेमतेम पंधरा अंश चढतो. त्या सूर्यात तीन मीटर उंच भिंतीची सावली अकरा मीटर पडते. त्यातील दोन मीटर आपल्या आवारात, उरलेली नऊ मीटर पलीकडे. बाक सात मीटरांवर! बडोद्यात त्याच दिवशी सूर्य चव्वेचाळीस अंश वर येतो आणि तेवढ्याच भिंतीची सावली तीन मीटरांत संपते. भिंत तीच; पण तिचा भार कोठे किती पडतो, हे त्या जागेचा सूर्य ठरवितो.

हा कागद मुलापुढे ठेवला तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, मी त्यांना नकाशा दाखवला होता. जमीन तुमची आहे, असंच त्या म्हणाल्या.” त्याचे म्हणणे खरे होते. कायद्याचा दाखलाही त्याच्याच बाजूने होता. एखाद्या इमारतीच्या खिडकीतून वीस वर्षे अखंड येणाऱ्या उजेडावर इंग्लंडच्या कायद्यात हक्क सांगता येतो. अंगणात पडणाऱ्या उन्हावर तसा हक्क नाही. बाक खिडकीत नव्हता. सारांश, नियमाने हरकत नाही, शेजाऱ्याने हरकत घेतली नाही, मग हरकत उरली कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या खेळातूनच मिळाले, याचे अजूनही नवल वाटते. गोल्फमध्ये खेळाडूच्या मागे प्रत्येक पावलावर पंच नसतो. चेंडू जसा पडला असेल तसाच मारायचा आणि चूक झाली तर आपला दंड आपणच सांगायचा, अशी त्या खेळाची रीत आहे. 1925 साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स हा विख्यात खेळाडू फटका मारण्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. जोन्सने स्वतःहून एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर त्याची आणि विली मॅकफार्लेनची बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत जोन्स एका फटक्याने हरला. तो दंड नसता, तर बरोबरीचा प्रसंगच आला नसता.

खोलीतल्या खेळात हे घडू शकत नाही. तेथे सगळा हिशेब यंत्र ठेवते. चेंडू हलल्याचे लपविण्याची सोय नाही, म्हणून ते सांगण्याचेही कारण उरत नाही. फटका बिघडला तर एक कळ दाबून तो पुसता येतो. जेथे खोटे वागणे अशक्य आहे, तेथे खरे वागण्याला काही मोल राहते का? आमच्या मते तेथे कौशल्य वाढेल, पण सचोटीला व्यायाम मिळणार नाही. त्या खेळाचा नैतिक भाग भिंतींच्या बाहेर राहून जातो. मुलाच्या बाबतीत तो अक्षरशः बाहेर राहिला होता: कुंपणापलीकडे, एका बाकावर. चेंडू हलला होता; तो आम्ही पाहिला होता.

आम्ही मुलाला उपदेश केला नाही. एवढेच म्हटले की, नियम जेथे संपतो तेथे खेळ सुरू होतो, असे तूच तुझ्या गोल्फविषयी सांगत असतोस.

नंतर मुलाने नकाशा बदलला. खोली परसाच्या दक्षिण टोकाला नेली. आता तिची उत्तरेकडची भिंत कुंपणापासून आठ मीटरांवर आहे. ऐन हिवाळ्यातही सावलीचा मोठा भाग त्यांच्या स्वतःच्या हिरवळीवर पडतो; पलीकडे जातो तो तीन मीटरांचा पट्टा, बाकापासून दूर. याची किंमत मोजावी लागली. विजेसाठी लांब चर खणावा लागला, खर्च वाढला. सूनबाईंची कपडे वाळविण्याची जागा आणि मुलांचा झोपाळा हिवाळाभर सावलीत गेला. त्यावरून घरात थोडी कुरबूरही झाली. सूनबाईंचे म्हणणे असे की, सचोटी नवऱ्याची आणि ओले कपडे माझे! हे म्हणणे सहजासहजी खोडता येणारे नाही. स्वतःला दंड लावून घेणारा माणूस पुष्कळदा तो आपल्या माणसांकडूनही वसूल करीत असतो, हे या प्रसंगी आम्ही शिकलो. पुढे कपडे वाळविण्याचे यंत्र आले आणि ते चालविण्याचे काम मुलाने आपल्याकडे घेतले.

शेजारच्या बाईंना यातले काहीही सांगितलेले नाही. खोली अमुक जागी का गेली नाही, हे त्यांना ठाऊक नाही.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ज्या जुन्या मैदानाला या खेळाचे माहेर मानतात, ते रविवारी सहसा खेळासाठी बंद असते आणि गावातली माणसे त्यावरून फिरतात. 1552 सालच्या सनदेने तेथील लोकांचा त्या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केला होता. सर्वांच्या जमिनीवर वाढलेला हा खेळ आता एकेकाच्या परसात येतो आहे. त्याला अडवावे असे आम्हाला वाटत नाही. पण वाटून घेतलेल्या जागेची जाणीव त्याच्याबरोबर परसात यावी.

आपण, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेली माणसे, ही गोष्ट निराळ्या रीतीने जाणतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे आपले पूर्वज आले तेव्हा अनेकांच्या पाठीशी सत्तेचा आधार होता, हक्काच्या सनदाही होत्या. पण सत्ता गेल्यावरही आपली घरे तेथे टिकली, ती सनदांच्या बळावर नव्हे. शेजाऱ्याच्या सणाला दारात उभे राहण्याची आणि त्याच्या अडचणीची न सांगता दखल घेण्याची जी सवय होती, तिच्या बळावर ती टिकली.

हे लिहिताना आमच्या टेबलावर आणखी एक नकाशा पडलेला आहे. आमचे बडोद्यातले जुने घर पाडून तेथे तीन मजली इमारत उभी करण्याचे भावंडांनी ठरविले आहे. उंची नऊ मीटर. हिवाळ्यात सावलीही नऊ मीटर. उत्तरेला एक गुजराती कुटुंब राहते. त्यांच्या अंगणात दर हिवाळ्यात पापड वाळतात आणि दर वर्षी त्यातला एक डबा आमच्याकडे येतो. नकाशा नियमात बसणारा आहे. भावंडे सहीची वाट पाहत आहेत. आम्ही अंगणात काठी रोवून ठेवली आहे.