सहज फिरणारा स्क्रू

गिरगावातील फणसवाडीत आज फणस शोधून सापडणार नाही. व्यंकटेशाचे मंदिर आणि उरल्यासुरल्या चाळींचे लाकडी कठडे हीच तिची खूण. अशाच एका चाळीतील एका वृद्ध माउलीला पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गेलो होतो. प्रार्थना आटोपली, तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी एक मिस्त्री मांडी घालून बसलेले दिसले. ओट्याखालच्या कपाटाची दोन दारे मध्यभागी एकमेकांवर चढत होती. उजवे आधी उघडल्याशिवाय डावे उघडतच नव्हते. सूनबाईंनी चहा ठेवला होता. आम्ही मिस्त्रींचे काम पाहत बसलो.

पूर्वीच्या दारांची बिजागरी बाहेरून दिसत असे. ती ढिली झाली की कोणालाही कळे. हल्लीच्या कपाटांची बिजागरी दार मिटले की नजरेआड होते. बाजारात तिला 'ऑटो हिंज' म्हणतात. दाराच्या आतल्या अंगाला ३५ मिलिमीटर व्यासाची गोल खाच कोरून तिची वाटी त्यात बसवतात आणि तिचा हात कपाटाच्या बाजूच्या फळीवर ठोकलेल्या पट्टीत अडकवतात. त्या हातावर सहसा दोन स्क्रू असतात. एकाने दार डावी-उजवीकडे सरकते, दुसऱ्याने आत-बाहेर. पट्टीचे स्क्रू सैल केले की दार वर-खाली घेता येते. हे सरकणे मोठे नसते, दोन-तीन मिलिमीटरचे. तेवढ्यात दार सरळ झाले तर झाले. वरच्या बिजागरीने दार थोडे आत ओढायचे, खालच्या बिजागरीने थोडे बाहेर ढकलायचे, की ओघळलेले दार उभे राहते.

मिस्त्रींनी दोन्ही दारे उघडून आत डोकावले आणि ते हसले. डावे दार मोरीच्या बाजूचे. पाणी लागून त्याच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, वरच्या स्क्रूची खाच झिजली होती. ओघळले होते ते हेच दार. उजवे दार मुळात सरळ होते. पण आजवर जो कोणी दुरुस्तीला आला त्याने उजव्याच दाराचा स्क्रू फिरवला होता. मध्ये फट दिसू लागली की काम झाले! पुढच्या पावसाळ्यात डावे आणखी ओघळायचे आणि उजव्याला आणखी बाजूला ओढले जायचे. आता त्याच्या स्क्रूला सरकायला जागाच उरली नव्हती आणि ते स्वतःच तिरके झाले होते.

"फादर, दोष या दारात आहे," मिस्त्री म्हणाले, "पण स्क्रू फिरतो त्या दाराचा. म्हणून सगळे त्यालाच फिरवतात."

हे वाक्य ऐकून आम्हाला चहा गोड लागला नाही. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन भावांचा तंटा आला होता. वडील वारले होते. पागडीची खोली, भाड्याची पावती वडिलांच्या नावावर. दोघेही भाऊ वडिलांजवळच राहत होते. पावती कोणाच्या नावावर व्हावी हा प्रश्न. अशा वेळी सगळ्यांची संमती झाली तर वाद उरत नाही, नाहीतर न्यायालयाची पायरी चढावी लागते. संमती घडवून आणण्यासाठी ते धर्मगुरूकडे आले. थोरले तापट. पहिल्याच बैठकीत त्यांनी खुर्ची मागे सारली. धाकटे ऐकून घेणारे. आम्ही काय केले? थोरल्यांशी दोनदा बोलून पाहिले, त्यांचा आवाज चढला तसे थांबलो, आणि मग चार संध्याकाळी धाकट्यांना जवळ बसवून क्षमेविषयी सांगितले. ते मानले. पावती थोरल्यांच्या नावावर झाली, धाकटे बायकामुलांसह नालासोपाऱ्याला गेले. त्याच सुमारास आम्ही शांती करणाऱ्यांवर प्रवचन केले. लोकांना ते आवडले. खरे तर आम्हालाही आवडले होते.

त्या घरात आवाज बंद झाला. त्यालाच आम्ही शांती समजलो.

इथे कोणी म्हणेल, पडते घेणे हा तर ख्रिस्ती सद्गुणच आहे. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण आपणच देतो. खरे आहे. पण गाल ज्याचा त्याने पुढे करायचा असतो. तिसऱ्याने, तेही अंगावर झगा घालून, दुसऱ्याची मान वळवून त्याचा गाल पुढे करणे ही निराळी गोष्ट झाली. धाकट्यांनी जे दिले ते त्यांचे औदार्य असेलही. आम्ही जे घेतले ती मात्र आमची सोय होती.

संत थॉमस आक्विनास यांनी 'सुम्मा थिऑलॉजिए'मध्ये बंधूच्या दुरुस्तीचा विचार केला आहे. चुकणाऱ्याचे भले व्हावे म्हणून केलेली दुरुस्ती हे प्रीतीचे कृत्य, आणि त्याच्या चुकीने इतरांची होणारी हानी थांबावी म्हणून केलेली दुरुस्ती हे न्यायाचे कृत्य, असा भेद ते करतात. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या कसोटीने पाहता आमच्या हातून दोन्ही राहिले. थोरल्यांना त्यांची चूक सांगितली नाही, म्हणजे प्रीती राहिली. धाकट्यांची हानी थांबवली नाही, म्हणजे न्यायही राहिला. अंत्युखियात संत पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला, असे गालातीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पेत्र सर्वांत मान्यवर; त्याला बोलणे अवघड. पौलाने तिथल्या परराष्ट्रीय बांधवांनाच 'तुम्हीच जरा जुळवून घ्या' असे सांगितले असते, तर त्या दिवसापुरता तंटा मिटलाही असता.

आम्ही त्या वेळी स्वतःची समजूत ॲरिस्टॉटलच्या आधाराने घातली होती. लेस्बोस बेटावरचे गवंडी शिशाची लवचीक पट्टी वापरीत. दगड जसा असेल तशी ती वाकते. कायदाही प्रसंगानुसार असा वाकला पाहिजे, असे तो म्हणतो. फणसवाडीच्या मिस्त्रींनीही कपाटाला पाणसळ लावली नव्हती. चाळीची जमीनच एका अंगाला कललेली, त्यामुळे त्यांनी ओट्याच्या कडेवरून दारे जुळवली. ते रास्तच. पण त्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला होता जो आम्ही विचारला नाही: हललेले दार कोणते? पट्टी वाकवायला आमची हरकत नसते. ती नेहमी नरम माणसाच्याच बाजूला वाकते, हे मात्र आमच्या लक्षात येत नाही. सासू-सुनेच्या तंट्यात, मालक-नोकराच्या तंट्यात, आणि चर्चच्या समित्यांतही आम्ही हे पाहिले आहे. जो ऐकतो त्यालाच आणखी ऐकवले जाते.

मग घट्ट स्क्रूचे काय करायचे? मिस्त्रींनी जोर केला नाही. जोर केला तर उरलीसुरली खाचही जाते, असे ते म्हणाले. त्यांनी गंजावर तेलाचे दोन थेंब सोडले, डिसमिस खाली ठेवला आणि ते चहा पिऊ लागले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, हलला नाही. आणखी दोन थेंब. तिसऱ्या वेळी पाव फेरा फिरला. आम्ही थोरल्यांशी दोनदाच बोललो होतो, तेही एकाच आठवड्यात.

डावे दार उभे राहिले, तशी उजव्याची पाळी आली. त्याचा स्क्रू मागे फिरवला. पण इतक्या वर्षांच्या ओढाताणीने पट्टीची भोके सैल झाली होती. मिस्त्रींनी त्यांत लाकडाच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या आणि सूनबाईंना बजावले, "उद्यापर्यंत हे दार लावू नका. याला थोडा आराम द्या."

गेल्या महिन्यात आम्ही नालासोपाऱ्याला जाऊन आलो. धाकट्यांचे केस पिकले आहेत. आम्ही जे बोलायला गेलो होतो ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मग म्हणाले, "जाऊ द्या ना फादर, आता काय त्याचं." नेहमीप्रमाणे त्यांनीच आम्हाला मोकळे केले. थोरल्यांकडे अजून जायचे आहे.