सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसं

बाबा रात्री मोटार चालू करायला जायचे, तेव्हा आई जागी असायची. शेतीची वीज आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीच यायची. पायाखाली चिखल, मनात सापाची भीती, हातात बॅटरी. फाटक वाजलं की मगच आई डोळे मिटायची.

आता आम्हाला दिवसा वीज मिळते. गावाबाहेर सौर प्रकल्प झालाय. तिथली वीज शेतीच्या फीडरला येते. त्यामुळे या बदलाच्या विरोधात मी असूच शकत नाही.

पण प्रकल्प गायरानावर आहे. शेजारच्या मावशी तिथे शेळ्या चारायच्या. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १.२५ लाख रुपये भाडं ठरलंय. म्हणजे सातबारा असेल तर मोबदला आहे. मावशींच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून त्यांचं काही गेलं असं कुठल्याच कागदावर दिसत नाही. शेळ्या मात्र विकाव्या लागल्या.

"तुझ्या बापाची झोप व्हायला लागली, बरं झालं," त्या मला म्हणाल्या. टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

थोड्यांचं नुकसान, पण हजारोंचा फायदा, हा हिशोब आपण पटकन मांडतो. त्यात एक चूक आहे. झोप आमची झाली आणि शेळ्या त्यांच्या गेल्या. फायदा-तोटा एकाच खिशातला नाही. मग बेरीज कुणाची करायची?

अशा वेळी 'त्याग' हा शब्द मदतीला येतो. कोयनेची १,९६० मेगावॉट वीजही कोळसा न जाळता होते. तिथल्या धरणग्रस्तांच्या त्यागाचं कौतुक खूप झालं. पुनर्वसनासाठी मात्र त्यांना एकविसाव्या शतकातही आंदोलनं करावी लागली. माणूस स्वतःहून देतो तो त्याग. न विचारता घेतलं, तर ते घेणंच.

महाराष्ट्राची सगळी वीज ऊन, वारा, पाण्यावर आणायची तर जमीन खूप लागेल. सौर प्रकल्पाला एका मेगावॉटमागे साधारण ४-५ एकर. ती आणायलाच हवी, असं मला वाटतं. पण जागा ठरवताना 'मालक कोण?' याच्याआधी 'इथे रोज कोण येतं?' हे विचारलं पाहिजे. चराईला दुसरी जागा, उत्पन्नात वाटा, हे उपकार नव्हेत. तो विजेच्या किमतीचाच भाग आहे.

पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. बाबा म्हणाले, "मांड. पण लाईट दिवसाचीच राहू दे."

दोन्ही मागण्या मी एकाच अर्जात लिहिल्यात.