भविष्यवाणी, भय आणि अपराध

विल्यम शेक्सपिअरने १६०६ च्या सुमारास लिहिलेले ‘मॅकबेथ’ आणि त्यावरून अकिरा कुरोसावा यांनी १९५७ मध्ये निर्माण केलेला, ‘थ्रोन ऑफ ब्लड’ या नावाने जगभर ओळखला जाणारा जपानी चित्रपट यांची तुलना बहुधा दृश्यरचनेच्या अंगाने केली जाते. परंतु या दोन कलाकृतींमधला मूलगामी भेद नीतिविचारातला आहे. जे घडणार असे आधीच सांगितले गेले, ते घडवून आणणारा मनुष्य अपराधी ठरतो काय, हा प्रश्न दोन्हींत उभा राहतो आणि दोन्हींत त्याचे उत्तर निरनिराळ्या मार्गाने शोधले जाते.

नाटकातील चेटकिणी मॅकबेथला राज्यपदाचे भाकीत सांगतात, हत्येची आज्ञा करीत नाहीत. त्याचा सोबती सेनानी बँकोही तेच भाकीत ऐकतो, पण शस्त्र उचलत नाही. डंकन हा आपला राजा, आप्त आणि त्या रात्रीपुरता अतिथी आहे, शिवाय तो सज्जन आहे, हे सर्व स्वतःशी मांडून झाल्यावर मॅकबेथ त्याला मारतो, आणि या पूर्ण जाणिवेमुळेच त्याचे कृत्य ख्रिस्ती अर्थाने पाप, म्हणजे ईश्वरी व्यवस्थेचा समजून-उमजून केलेला भंग, ठरते. हत्येनंतर प्रार्थनेच्या शेवटी येणारा ‘आमेन’ हा शब्द त्याच्या कंठातून बाहेर पडत नाही, कारण ज्या कृपेची त्याला गरज आहे तिचे दार त्याने स्वतःच लावून घेतलेले असते.

कुरोसावा ही कथा जपानच्या ‘सेंगोकू’ काळात, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांतील सततच्या यादवीच्या काळात, नेतात आणि तेथे एक निर्णायक बदल करतात: मॅकबेथच्या जागी असलेला वाशिझू ज्या सरदाराला मारतो, त्यानेही आपल्या धन्याला मारूनच गड मिळवलेला असतो. वाशिझूची पत्नी असाजी महत्त्वाकांक्षेपेक्षा भयाचा आधार घेते. बँकोच्या जागी असलेल्या मिकीने भाकीत फोडले तर सरदारच आधी घाला घालील, असा तिचा युक्तिवाद आहे आणि त्या जगात तो सहजासहजी खोडता येत नाही. अरण्यात चाक फिरवीत मानवी जीवनाची निःसारता गाणारे पिशाच्च, तसेच चित्रपटाच्या आरंभी व अखेरीस धुक्यातून दिसणारी गडाची ओसाड जागा, यांतून बौद्ध अनित्यतेचा, म्हणजे कोणतीही रचना टिकणारी नसते या सिद्धान्ताचा, विचार प्रकट होतो.

प्रारब्धाची कल्पना अंगवळणी पडलेल्या मराठी प्रेक्षकाला यावरून वाशिझू हा नियतीच्या हातचे बाहुले वाटण्याचा संभव आहे. हा समज मात्र चुकीचा आहे, कारण बौद्ध विचारात चेतना, म्हणजे कृतीमागील संकल्प, हेच कर्म मानले जाते, आणि आपल्याकडेही प्रारब्धाबरोबर क्रियमाण, म्हणजे आज होत असलेले कर्म, वेगळे मोजले जातेच. चित्रपटाचा शेवट याची साक्ष देतो: अरण्य चालून आल्याशिवाय आपला पराभव नाही, हे भाकीत वाशिझू सैन्याला धीर देण्यासाठी स्वतःच मोठ्याने सांगतो, आणि शत्रूने तोडून धरलेल्या फांद्यांमुळे झाडे चालू लागलेली दिसताच तेच सैनिक त्याच्यावर बाणांचा वर्षाव करतात. भाकिताला सामर्थ्य मिळते ते त्याच्याच मुखातून.

हिंसा एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, हे दाखवण्यात चित्रपट नाटकाच्या पुढे गेला आहे. डंकनचा पुत्र माल्कम याच्या राज्यारोहणाने स्कॉटलंड निरोगी होईल, हा नाटकाचा दिलासा तो नाकारतो आणि तो नकार इतिहासाला अधिक धरून आहे. परंतु मॅकबेथ स्वगतांतून स्वतःचा जो न्यायनिवाडा करतो, त्याला चित्रपटात पर्याय नाही. वाशिझू भितो, बेभान होतो, गर्जना करतो, पण आपण काय केले याचा विचार करण्याइतका अवकाश त्याला कोठेच मिळत नाही. म्हणून अपराधाचे अंतरंग जाणण्यासाठी अजूनही शेक्सपिअरच्या नाटकाकडेच जावे लागते.