जाणवली नाही तरी कृपाच

मराठी मंडळीत साक्ष देण्याची रीत जुनी आहे. उभं राहायचं आणि प्रभूची ओळख कधी, कुठे झाली, त्या वेळी मनात काय झालं ते सांगायचं. ओझं उतरलं, डोळे भरून आले, आनंदाने रात्री झोप लागली नाही. या रीतीने अनेकांना धीर दिला आहे आणि ती मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. पण ते ऐकत मागच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं, ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं असं काही घडलेलंच नाही. तो लहानपणापासून उपासनेला येतो, प्रभुभोजन घेतो, आणि दर साक्षीगणिक त्याची एकच शंका घट्ट होत जाते: मला काही जाणवलं नाही, म्हणजे माझं तारण झालंच नाही का? आपण त्याला सांगतो, आणखी प्रार्थना कर, उपास कर, अनुभव येईल. म्हणजे जी कृपा फुकट आहे असं आपण उपदेशात सांगतो, तिच्यासाठी त्याला पुन्हा कष्टांना जुंपतो.

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरला ओल्नी नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात तिथले गरीब लोक लेस विणून पोट भरायचे. 1764 मध्ये जॉन न्यूटन तिथे धर्मोपदेशक म्हणून आला. तीन वर्षांनी कवी विल्यम कूपर तिथे राहायला आला. या दोघांची मैत्री मला अनुभवाविषयीच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त शिकवून गेली.

न्यूटन पूर्वी खलाशी होता. मार्च 1748 मध्ये अटलांटिकवरच्या भयंकर वादळात जहाज बुडायला आलं, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि तो वाचला. साक्ष म्हणून याहून मोठं काय हवं? पण त्यानंतर हाच न्यूटन गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला आणि 1754 पर्यंत समुद्रावर तोच धंदा करत राहिला. वादळातला अनुभव खरा होता, तरी जहाजाच्या तळाशी साखळदंडात पडलेल्या माणसांकडे बघण्याची नजर त्याने लगेच दिली नाही. त्या व्यापाराविरुद्ध न्यूटनने जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये. वादळाच्या दिवसांत आपण खऱ्या अर्थाने विश्वासणारे नव्हतो, असं तो पुढे स्वतःच म्हणत असे. देव त्याच्यावर काम करत होता ते वादळानंतरच्या अनेक वर्षांत, हळूहळू, आणि पुष्कळदा त्याच्या नकळत.

कूपरचं उलट झालं. 1763 मध्ये त्याचं मन इतकं ढासळलं की त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी, 1764 मध्ये, सेंट अल्बन्सच्या मनोरुग्णालयात रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचताना ख्रिस्ताचं प्रायश्चित्त आपल्यासाठी आहे हे त्याला उमगलं आणि तो आनंदाने भरून गेला. ओल्नीत न्यूटनबरोबर तो भक्तिगीतं लिहू लागला. न्यूटनचं ‘अमेझिंग ग्रेस’ हे आज जगभर गायलं जाणारं गीत 1773 च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिलेलं. त्याच जानेवारीत कूपर पुन्हा कोसळला. देवाने आपल्याला टाकलं आहे अशी त्याची खात्री झाली. तो चर्चला जायचा थांबला, आपली प्रार्थना ऐकली जाणार नाही म्हणून प्रार्थनाही थांबली. मधून मधून तो सावरला, उत्तम कविता लिहिल्या, पण 1800 मध्ये वारला तोपर्यंत ती खात्री पुरती गेली नाही.

आता अनुभवाच्या मापाने या माणसाचं काय करायचं? 1764 चा आनंद हा त्याच्या तारणाचा पाया होता असं म्हटलं, तर 1773 मध्ये तो पायाच निघून गेला. न्यूटनने तसं मानलं नाही. आजारी कूपरला त्याने वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. 1779 मध्ये ‘ओल्नी हिम्स’ निघालं, त्यात कूपरची साठाहून जास्त गीतं छापली. लिहिणाऱ्याला स्वतःला त्यातली आशा जाणवत नाही म्हणून ती गाळली नाहीत. कूपर गेल्यावर न्यूटनने त्याच्यासाठी प्रवचन केलं. मित्राला देवाने धरून ठेवलं आहे, हे मित्राच्या वतीने तो सत्तावीस वर्षं मानत राहिला. मंडळी कशासाठी असते, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आपल्याकडे यावर पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं जाईल, आणि ते घ्यायलाच हवं. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला आणखी आठ वर्षं लागली असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. मग अनुभव हवाच की! पण त्या वर्णनातला क्रम बघावा. आधी वचन आलं: तारण ख्रिस्तात आहे, आत्ता आहे, पुढे कधीतरी मिळणारं नाही. त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, मग आनंद झाला. आनंद मागून आला. 1905 मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, तिथल्या मुली रडल्या, ओरडल्या, तासन्‌तास प्रार्थनेत राहिल्या. रमाबाईंनी त्याला विरोध केला नाही. पण नंतरची वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. साध्या बायकांना समजेल असं वचन हातात असावं म्हणून. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी ते काम थांबलं नाही. 1922 मध्ये स्वतः जाण्यापूर्वी त्यांनी ते पुरं केलं.

पौलाचं तर आणखी विलक्षण. तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेलं गेल्याचा प्रसंग करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो सांगतो, तोही चौदा वर्षांनी, आणि दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसा. त्याच्या शरीरातला काटा मात्र तो आपला म्हणून सांगतो. तीनदा विनवूनही काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. ज्याच्याजवळ सर्वांत मोठा अनुभव होता, त्याने टेकायला अनुभव घेतला नाही.

त्यानेच दत्तकाचा दाखला दिला आहे. दत्तक घेतलेलं मूल पहिल्या रात्री नव्या घरात रडत झोपलं, त्याला हे घर आपलं वाटलं नाही, म्हणून दत्तकविधान रद्द होत नाही. ते घेणाऱ्याच्या शब्दावर उभं असतं. कृपा माझ्या बाहेर, कालवरीच्या क्रुसावर घडून गेली आहे. माझ्या छातीत काय होतं यावर ती ठरत असती तर तिला कृपा म्हणायचं कारणच उरलं नसतं.

यात धोका आहे हे मान्य. कृपेवर विसंबतो म्हणत थंड, नावापुरतं ख्रिस्तीपण पोसणारे लोक सगळ्या मंडळ्यांत आहेत. पण त्यावर उपाय अनुभवांची मागणी हा नाही. अशी मागणी झाली की माणसं अनुभव बनवायला शिकतात, आणि जे प्रामाणिक असतात ते मागच्या बाकावरून उठून निघून जातात. कूपरसारखा कुणी खरोखर आजारी असेल, तर त्याला विश्वास कमी पडला म्हणून दटावणं हे क्रौर्य आहे. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं, आणि तिथेही सोबत जायला हवं.

म्हणून पाळकांना आणि घरोघर प्रार्थनेला जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. ज्याचं मन विझलं आहे त्याच्याकडे गेलात तर तुम्हाला काय जाणवतं असं विचारू नका. वचन वाचा, प्रभुभोजन द्या, त्याच्या वाटची प्रार्थना तुम्ही करा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.