पाती ओल्या आहेत तोवर

बसा. घाई नाही.

दोन्ही हात मांडीवर ठेवा. तळवे वर. बोटं सैल सोडा.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो. येऊ द्या. जाऊ द्या.

आता मनात दुसरे दोन हात आणा. उन्हानं रापलेले. बोटांच्या कडांना चिरा पडलेले. हे हात खजुरीच्या पातीचा दोर वळत आहेत.

इजिप्तचं वाळवंट आहे. चौथं शतक सरत आलं आहे. या खोलगट भागाला स्केतिस म्हणतात. आजचं त्याचं नाव वादी नत्रून. गाव सोडून आलेले ख्रिस्ती तपस्वी इथे आपापल्या खोलीत एकटे राहतात.

खोलीत एक चटई. एक भांडं. भांड्यातल्या पाण्यात पाती भिजत घातल्या आहेत.

कोरडी पात मोडते. भिजलेली वळते.

वास येतो का? कुबट, आंबूस. वडीलधाऱ्या तपस्व्याला इथे अब्बा म्हणतात, म्हणजे पिता. अब्बा आर्सेनियस राजदरबार सोडून इथे आले आहेत. पातींचं पाणी ते वर्षातून एकदाच बदलतात. तिथे अत्तरं हुंगली, इथे हा वास सोसायचा, एवढंच त्यांचं म्हणणं.

हातांकडे परत या.

एक पात दुसरीवरून जाते. तिसरी खालून येते. अंगठा दाबतो. पेड घट्ट बसतो. ओठांवर स्तोत्र चालू आहे.

वरून. खालून. दाब.

थोडा वेळ इथेच थांबा.

ऊन चढतं. दुपार होते.

हात मंदावतात. नजर दाराकडे जाते. सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं. कोणी भेटायला येतंय का? दुसऱ्या ठिकाणी गेलो असतो तर? हे काम तरी कशासाठी?

एव्हाग्रियस यांना ही घटका चांगली ठाऊक आहे. तेही इजिप्तच्याच वाळवंटात राहतात आणि इ. स. 399 मध्ये तिथेच देह ठेवतात. या अवस्थेला ते भर दुपारचा दुरात्मा म्हणतात. तो कानाशी लागून आणखी एक गोष्ट सांगतो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे: इथल्या भावांमध्ये आता प्रेम उरलेलं नाही, तुला धीर देणारं कोणी नाही.

हे वाक्य तुमच्याही कानाशी कधी आलं असेल. येऊ द्या. त्याच्याशी वाद घालू नका.

फक्त पाहा. अंग दमलेलं नाही. मन मात्र जागा सोडून निघालं आहे. आणि मन निघालं की सगळ्यांत आधी माणसं परकी वाटू लागतात.

श्वास घ्या.

अब्बा अंतोनी यांनाही एकदा असंच झालं. जीव उदास, मनात विचारांची गर्दी. देवा, मी काय करू, असं विचारत ते बाहेर आले. समोर त्यांच्यासारखंच कोणीतरी बसून दोर वळत होतं. मग ते उठलं, प्रार्थना केली. पुन्हा बसलं, दोर वळू लागलं. देवदूत होता तो.

बसणं. वळणं. उठणं. प्रार्थना. पुन्हा बसणं.

अंतोनींना एवढंच उत्तर मिळालं, आणि ते पुरलं.

आता आणखी आत चला. अब्बा पौल नावाच्या एका तपस्व्यांच्या गुहेत.

वस्ती इथून सात दिवसांच्या वाटेवर आहे. विणलेलं काही विकायला न्यावं, तर मजुरीपेक्षा वाहतुकीचा खर्च जास्त. पोटापुरते खजूर आहेत, लहानशी बाग आहे. तरी ते रोज ठरलेलं काम करतात. वर्षभरात गुहा भरते. वर्ष संपलं की ते सगळं जाळून टाकतात. आणि पुन्हा पाती भिजत घालतात.

या ज्वाळेजवळ थोडं थांबा.

काय जळतंय? हिशेब जळतोय. मी किती केलं, त्याचं मोल किती, हे जळतंय.

हात शिल्लक आहेत. ते रिकामे आहेत, आणि तयार आहेत.

आता नाईलच्या खोऱ्याकडे वळा. आर्सिनोए प्रांतात कापणी चालू आहे.

अब्बा सेरापियोन यांचे तपस्वी मजुरीनं शेतात उतरले आहेत. विळा चालतो. घाम मातीत पडतो. हंगामाअखेर प्रत्येकाला तिथल्या मापानं सुमारे 12 आर्ताबा धान्य मिळतं. त्यातलं बहुतेक गरिबांसाठी निघतं.

आसपास उपाशी कोणी उरत नाही, इतकं ते धान्य आहे. मग ते होड्यांत चढतं आणि अलेक्झांड्रियाला जातं.

घेणाऱ्याचं तोंड कापणाऱ्यानं कधी पाहिलेलं नाही. तरी कापताना तो मनात आहे.

या तपस्व्यांच्या कितीतरी आधी प्रेषित पौल यांनी थेस्सलनीकाकरांना बजावलं, की ज्याला काम करायचंच नाही त्यानं खाऊही नये. ते स्वतः तंबू शिवून पोट भरत. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र त्यांनी कष्टाचं कारण सांगितलं आहे: गरजूला द्यायला आपल्यापाशी काही असावं.

ही दोन्ही बोलणी शेजारी ठेवा. त्यांच्यामध्ये बसा.

ज्याला काम करायचं नाही, तो एक. ज्याला काम मिळत नाही, तो वेगळा. ज्याचे हात थरथरतात, ज्याची पाठ मोडली आहे, तोही वेगळा. त्यांना कोणी आळशी म्हणू नये. होडीतलं धान्य त्यांचं आहे. ते हक्काचं आहे, आणि प्रेमाचंही.

होडी लागते त्या काठावर आज तुम्हीच असाल, तर घ्या. संकोच नको. हात तेव्हाही प्रार्थनेतच असतात.

आता आपल्या हातांकडे पाहा.

आज यांच्यासमोर कोणतं काम आहे? भांडी असतील. फायली असतील. आजाऱ्याचं अंथरूण असेल. एकच काम निवडा. ते सुरू करण्याआधी एक श्वास थांबा आणि विचारा: यातला वाटा कोणाचा?

नाव सुचलं तर ते मनात धरून कामाला लागा. नाही सुचलं तर दार उघडा आणि शेजारी चौकशी करा.

दुपारी कंटाळा येईल. त्या नावासाठी आणखी थोडं करा.

संध्याकाळी तो वाटा नेऊन द्या.