पेंग्विनाची साक्ष

दक्षिण ध्रुवखंडाच्या किनाऱ्यावर ॲडेली लँड नावाचा एक टापू आहे. तेथे फ्रेंचांचे संशोधन केंद्र आहे आणि केंद्राच्या सान्निध्यात सम्राट पेंग्विन या पक्ष्यांची विणीची वसाहत आहे. ल्यूक जाके या फ्रेंच दिग्दर्शकाचे चित्रपथक तेरा महिने तेथे राहिले आणि त्या चित्रीकरणातून २००५ साली जो माहितीपट तयार झाला तो इंग्रजीत 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' या नावाने जगभर गाजला. २००६ साली त्यास सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. आमच्या धर्मग्रामात तो आम्ही २००७ च्या उन्हाळ्यात, कुटुंब मेळाव्याच्या निमित्ताने, सभागृहात पांढरी चादर बांधून दाखविला. पंख्यांच्या घरघरीत, घामाने निथळत आमचे लोक हिमवादळ पाहत होते, ते दृश्य आजही डोळ्यांसमोर आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातील हकीकत थोडक्यात सांगणे प्राप्त आहे, जरी ती थोडक्यात सांगण्यासारखी नाही. मार्च-एप्रिलच्या सुमारास, म्हणजे तिकडे हिवाळा तोंडावर आलेला असताना, हे पक्षी समुद्र सोडून गोठलेल्या पाण्यावरून चालू लागतात. उंची सुमारे एक मीटर, उडणे ठाऊक नाही. चालून थकले की पोटावर घसरत जातात. कित्येक किलोमीटरची ही वाटचाल विणीच्या जागी येऊन थांबते. तेथे जोड्या जमतात आणि मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालते. सुमारे साडेचारशे ग्रॅम वजनाचे हे अंडे ती आपल्या पायांवरून नराच्या पायांवर सरकविते. या सरकविण्यात क्षणाचा घोटाळा झाला तर अंडे बर्फावर पडून गोठते, आणि त्या वर्षाचा संसार तेथेच संपतो. चित्रपटातील ते दृश्य पाहताना आमच्या सभागृहात कोणी श्वास घेत नव्हते.

त्यानंतर उपाशी मादी समुद्राकडे परतते. नर मात्र ते अंडे पायांवर तोलून, पोटाच्या घडीखाली झाकून, सुमारे पासष्ट दिवस उभा राहतो. उणे चाळीस अंशांपर्यंतची थंडी, वादळी वारा, दिवस जेमतेम उजाडतो. वसाहतीकडे यायला निघाल्यापासून मोजले तर त्याचा उपवास जवळजवळ चार महिन्यांचा होतो आणि देहाचे सुमारे चाळीस टक्के वजन झडून जाते. हजारो नर एकमेकांस खेटून उभे राहतात व इंच-दोन इंचांची पावले टाकीत सारा थवा हळूहळू हलत राहतो, त्यामुळे कडेचा आत येतो आणि आतला कडेला जातो. कोणी हुकूम देत नाही. पिल्लू बाहेर येईपर्यंत मादी परतली नाही, तर उपाशी बाप आपल्या गळ्यातून पाझरणाऱ्या दुधासारख्या स्रावावर त्यास काही दिवस जगवितो. मग मादी येते. तेथे घरटे नाही, खूण नाही. हजारोंच्या कोलाहलातून ती आपल्या नरास केवळ आवाजावरून शोधून काढते.

वाचकहो, असा दाखला हाती आल्यावर कोणता धर्मगुरू गप्प बसेल? आमच्या धर्मग्रामातील अनेक कर्ते पुरुष त्या काळी आखातात वा जहाजांवर नोकरीस होते. पुढल्या रविवारी आम्ही प्रवचनात सांगितले की समुद्रापार गेलेला पक्षीही परत येतो, हजारोंमधून आपला जोडीदार ओळखतो. मग माणसाने परतू नये काय? पक्ष्यास जे कळते ते आपल्यास कळू नये काय? प्रवचन लोकांस आवडले. तसे ते आम्हांसही आवडले होते, हे कबूल केले पाहिजे.

दोन दिवसांनी सकाळच्या मिस्सेनंतर एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली. तिचा नवरा आखातात गेला होता तो तिकडेच दुसरा संसार थाटून राहिला होता. दोन मुले ती एकटी वाढवीत होती. ती म्हणाली, "फादर, राग मानू नका. तुम्ही बोललात ते खरंच आहे. पण माझा मुलगा शेजारी बसला होता. घरी येऊन विचारतो, आई, आपला पप्पा पक्ष्यापेक्षाही वाईट आहे का? मी काय सांगू त्याला?" आम्ही काहीतरी सांत्वनपर बोललो. काय बोललो ते आठवत नाही, त्या अर्थी ते बोलणे बोलण्याजोगे नसावे.

तो मुलगा पुढे प्राणिशास्त्र शिकला. गेल्या वर्षी आपल्या विवाहाच्या तयारीसाठी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याने पहिल्याच भेटीत तो विषय काढला. म्हणाला, "फादर, तुमचे सम्राट पेंग्विन पुढच्या वर्षी दुसराच जोडीदार घेतात. माहीत आहे ना?"

आम्हांस तोवर ते कळून चुकले होते. सम्राट पेंग्विनांत आदल्या वर्षीचीच जोडी पुन्हा जमण्याचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के आढळते. त्यात त्या पक्ष्यांचा दोष नाही. इतर बहुतेक जातींचे पेंग्विन आपल्या जुन्या घरट्याकडे येतात आणि तेथे जोडीदाराची पुन्हा गाठ पडते. सम्राटांस घरटेच नाही. ऋतू इतका अपुरा की उशिरा येणाऱ्याची वाट पाहत बसणाऱ्याची वीण चुकते. २००५ साली अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनी या चित्रपटात एकपत्नीव्रताचा पुरावा शोधला तेव्हा खुद्द जाके यांनीच, त्यासाठी हा पक्षी योग्य नव्हे असे सांगितले होते. मूळ फ्रेंच चित्रपटात तर नटनटी पेंग्विनांच्या वतीने बोलतात, इंग्रजीत मॉर्गन फ्रीमन त्यांची प्रेमकथा सांगतात. पक्षी दोन्हीकडे तेच. आम्हीही आमची तिसरी संहिता त्यांच्या चोचीत घातली होती, इतकेच.

त्या तरुणाचा खरा प्रश्न मात्र निराळा होता, आणि तो तिसऱ्या भेटीत बाहेर आला. "जर पक्षी निसर्गाने वागतो," तो म्हणाला, "तर मीही माझ्या वडिलांचंच रक्त आहे. माझ्यात ते नसेल कशावरून?"

या ठिकाणी आम्हांस आमच्या सेमिनरीतील दिवस आठवले. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा कोंत्रा जेंतीलेस' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विवाहाचा विचार करताना पशुपक्ष्यांचाच आधार घेतला आहे. कुत्र्यासारख्या प्राण्यांत मादी एकटी पिल्ले वाढवू शकते, तेथे नर थांबत नाही. काही पक्ष्यांत मादी एकटी पुरी पडत नाही, म्हणून तेथे नर व मादी पिल्ले वाढेपर्यंत एकत्र राहतात. मानवाच्या अपत्यास तर केवळ अन्न नव्हे, दीर्घकाळ शिक्षणही लागते, म्हणून येथे सहवास दीर्घ हवा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. फळ्यावरून हे सारे वहीत उतरवून घेताना आमच्या डोळ्यांसमोर एकही पक्षी नव्हता. आज पाहता वाटते, तेराव्या शतकातील या पंडितास ॲडेली लँडच्या वसाहतीत नवल वाटण्यासारखे फारसे काही आढळले नसते. विणीच्या ऋतूत तेथील जोडी एकमेकांस धरून राहते, कारण एकट्याने पिल्लू जगणे अशक्य. पिल्लू समुद्रात उतरले की गरज संपते आणि जोडीही. गरजेपुरती निष्ठा पक्ष्यास दिलेली आहे आणि ती तो पुरेपूर पाळतो.

"म्हणजे मुलं मोठी झाली की माणसानेही मोकळं व्हावं?" तरुणाने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि मुलांच्या संगोपनावरच थांबणारा युक्तिवाद त्यास उत्तर देऊ शकत नाही. थॉमसही तेथे थांबत नाहीत. पुढे ते पतिपत्नींच्या मैत्रीविषयी बोलतात. माणसामाणसांतील सर्वांत मोठी मैत्री ती हीच असे मानतात. मैत्री गरज संपल्यावर संपत नसते, किंबहुना ती तेथूनच ओळखू येते. आणि मैत्रीस शब्द द्यावा लागतो. पेंग्विन शब्द देत नाही, म्हणून तो मोडीतही नाही. पुढल्या वर्षी दुसऱ्या मादीस साद घालणारा नर विश्वासघातकी नव्हे. त्याच न्यायाने, चार महिने उपाशी उभा राहणारा नर ज्या अर्थाने आम्ही प्रवचनात म्हटले त्या अर्थाने विश्वासूही नव्हे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अठरा वर्षे उशिरा सुचले: तुझा पप्पा पक्ष्यापेक्षा वाईट नाही, पक्ष्याच्या मापाने त्यास मोजताच येत नाही. त्याने शब्द दिला होता. रक्ताने तो शब्द आला नाही आणि रक्तातून तो मोडणेही येत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग शास्त्रात पशुपक्षी कशास आले? आळशी मनुष्यास मुंगीकडे पाहण्यास नीतिसूत्रकार सांगतो, प्रभू येशू आकाशातील पाखरे दाखवितो, यरुशलेमेसाठी शोक करताना पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःस लावतो. हे खरेच. पण ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर शहामृगीविषयीही बोलतो. ती अंडी मातीत टाकून जाते, पिल्लांशी निष्ठुर वागते, देवाने तिला शहाणपण दिलेले नाही. आणि तरी धावू लागली की घोडा व स्वार दोघांना हसते. देव तेथे ईयोबास आदर्श मातृत्व शिकवीत नाही. ही माझी आहे, तुला ती कळो वा न कळो, एवढेच जणू तो सांगतो. प्रवचनासाठी पक्षी निवडताना आम्ही धर्मगुरू शहामृगीस सहसा वगळतो.

पेलिकन पक्ष्याची कथा तर सर्वश्रुत आहे. तो स्वतःची छाती फोडून पिल्लांस रक्त पाजतो असा प्राचीन समज होता. त्यावरून कितीतरी वेदींवर पेलिकन कोरला गेला, खुद्द संत थॉमस यांच्या ख्रिस्तप्रसादाच्या स्तोत्रातही तो आला. पेलिकन असे काही करीत नाही. तरीही ती वेदी खोटी ठरली नाही, कारण तेथे पक्ष्यावरून ख्रिस्त सिद्ध करावयाचा नव्हता. ख्रिस्तास ओळखणाऱ्यांनी पक्ष्यात त्याची खूण पाहिली होती. खूण आणि साक्षीपुरावा यांत अंतर आहे. आम्ही पेंग्विनास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि तेही एका गैरहजर माणसाविरुद्ध, त्याच्या मुलादेखत.

चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे. पिल्लू मेलेली एक मादी दुसरीचे पिल्लू हिसकावू पाहते आणि इतर माद्या तिला रोखतात. आमच्या सभागृहात त्या वेळी अनेक स्त्रिया डोळे पुसत होत्या. या पळवापळवीचा फ्रेंच संशोधकांनी अभ्यास केला आहे. पिल्लू मेल्यावरही मादीच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढेच राहते. ते औषधाने उतरविले असता पळवापळवी कमी झाली. पळविलेली पिल्ले बहुधा लवकरच टाकून दिली जातात. तरुण म्हणाला, "मग आईचं प्रेमही प्रोलॅक्टिनच, फादर." आम्ही म्हणालो, आरंभी असेलही. माणसाच्या आईसही देवाने तेच संप्रेरक दिले आहे, आणि कृपा निसर्गास मोडीत नाही असे आम्हांस शिकविलेले आहे. पण तुझा डबा रोज पहाटे कोण भरीत होते, दहावीपर्यंत? तो हसला, पण काही बोलला नाही.

पेंग्विनांचा आणखी एक माहितीपट २०१८ साली बी.बी.सी.ने दाखविला. 'डायनेस्टीज' या मालिकेतील तो भाग. निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचे. अंटार्क्टिकातील आटका उपसागराकाठच्या वसाहतीत वादळाने काही पक्षी पिल्लांसह एका खोल घळीत अडकले. भिंती निसरड्या, पिल्लू पायांवर. एक मादी चोच बर्फात रोवीत कशीबशी वर आली. बाकीचे खालीच राहिले आणि काही पिल्ले मेली. अशा चित्रपथकांचा नियम असा की निसर्गात हात घालावयाचा नाही, जे घडते ते टिपावयाचे. हा नियम वाईट नव्हे. सिंहाच्या तोंडचे हरण सोडविणारा सिंहाच्या छाव्यांस उपाशी मारतो. परंतु त्या दिवशी त्या मंडळींनी फावडी घेतली, बर्फात उतरती वाट खोदली आणि बाजूस झाले. पक्षी त्या वाटेने वर आले. तेथे कोणा श्वापदाचा घास हिरावला जात नव्हता, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ॲटनबरो यांनीही त्यास संमती दर्शविली.

आम्हांस त्या चाळीस-पन्नास मिनिटांच्या चित्रपटात हाच भाग पुनःपुन्हा पाहावासा वाटतो. पेंग्विनांच्या थव्यातून कोणी मागे वळून घळीतल्यांसाठी वाट खणली नाही. त्यांस ते देण्यात आलेले नाही. खणली ती ज्यांना निघून जाता आले असते त्यांनी. अर्थात आपली पाठ थोपटून घेण्याआधी हेही लक्षात घ्यावे की २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्लांना जलरोधक पिसे फुटण्याआधीच फुटला, आणि तेथील पिल्ले बहुतेक साऱ्याच्या सारी गेली असावीत असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. उपग्रहाच्या चित्रांत वसाहतीचे तपकिरी डाग दिसेनासे झाले, एवढेच आपण पाहिले. समुद्र कोणामुळे तापतो आहे हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे फावडे कोणी व कोठे चालवावयाचे हा प्रश्न एका चित्रपथकाच्या आवाक्यातला नाही, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात तो सर्वांपुढे ठेवूनही आमच्या धर्मग्रामात त्यावर एक वृक्षारोपण सोडले तर विशेष काही झालेले नाही.

त्या तरुणाचा विवाह येत्या जानेवारीत आहे. वडिलांना पत्रिका पाठवावी की नाही यावर घरी मतभेद होते. पाठवावी असे आईनेच ठरविले, आणि पत्ता तिच्यापाशी होता. शेवटच्या भेटीत कागदपत्रांवर सह्या झाल्यावर मुलगा उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, "फादर, प्रवचनात पेंग्विन नको हं." आम्ही तसे वचन दिले आहे.